पेटीच्या झाकणातलं चित्र : सॉल स्टाइनबर्ग

पडवीतला

नमस्कार मंडळी,

गणपती गेले, चाकरमानी परतले, पडवी मोकळी झाली. बरेच दिवस एका माणसाबद्दल लिहायचं मनात होतं, ते आज लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी गुहागर तालुक्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला पोरं बसवली, स्थिरचित्रासाठी घरचा तांब्या आणि परसातली वांगी वर्गात नेली. पण चित्र म्हणजे काय असू शकतं हे मला ज्या एका चित्रानं दाखवलं, ते शेजारच्या काकांच्या पेटीत होतं.

काका मालवाहू बोटीवर खलाशी होते. दीड-दोन वर्षांनी घरी येत. त्यांची पत्र्याची काळी पेटी ओटीवर उघडली की डांबरगोळ्यांचा वास सुटायचा आणि आम्ही सगळे भोवती गोळा व्हायचो. झाकणाच्या आतल्या अंगाला त्यांनी खळ लावून चित्रं डकवलेली होती: एक गणपती, एक कॅलेंडरवरचं जहाज, आणि कुठल्याशा बंदरात हाती लागलेलं एका अमेरिकन मासिकाचं मुखपृष्ठ. १९८० च्या मागेपुढे, मी ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करत असताना सुट्टीत आलो होतो, तेव्हा ते पहिल्यांदा नीट पाहिलं.

खाली एक रस्ता, त्यावर गाड्या, कडेच्या इमारती अगदी खिडक्यांसकट. मग दुसरा रस्ता. मग नदी. नदीपलीकडे एक अरुंद पट्टी, तिच्यावर लिहिलंय जर्सी. त्याच्यापुढे अख्खी अमेरिका भाताच्या वाफ्याएवढी, चौकोनी, तिच्यात थोडे दगडधोंडे आणि शिकागो, टेक्सास, नेब्रास्का अशी इकडेतिकडे टाकलेली नावं. मग पॅसिफिक महासागर, त्या नदीहून थोडाच रुंद. आणि पार क्षितिजाला टेकलेले तीन उंचवटे: चीन, जपान, रशिया. संपलं जग.

मी विचारलं, यात आपण कुठे? काका म्हणाले, "आपण नाही. तिथून आपण दिसत नाही."

ते 'द न्यूयॉर्कर'चं २९ मार्च १९७६ चं मुखपृष्ठ, आणि चित्रकार सॉल स्टाइनबर्ग, हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. आणि त्याच्याही नंतर कळलं की न्यूयॉर्कच्या माणसाची नजर इतकी नेमकी पकडणारा हा माणूस जन्मानं न्यूयॉर्कचा नव्हताच. तिथे पोचला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि पोचण्यापूर्वी त्याला एकदा दारातून परत पाठवलं होतं.

जन्म १५ जून १९१४ चा, रुमानियातल्या रम्निकु सरात या गावी, ज्यू कुटुंबात. लहानपण बुखारेस्टमध्ये गेलं. वडील आधी छपाई-बांधणीच्या धंद्यात, मग त्यांचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. म्हणजे रंगीत कागद, गोंद, लेबलं, छपाईचे मोठाले ठसे यांच्यात हा पोर वाढला. पुढे आयुष्यभर त्याच्या चित्रांत अक्षरं वस्तूंसारखी उभी राहतात, कुणी त्यांवर बसतं, कुणी टेकतं, ते इथूनच आलं असं मला वाटतं. बुखारेस्टला एक वर्ष तत्त्वज्ञान शिकला, आणि १९३३ मध्ये वास्तुशास्त्र शिकायला इटलीत मिलानला गेला. १९३६ पासून तिथल्या 'बर्तोल्दो' नावाच्या, आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या विनोदी पत्रात त्याची चित्रं येऊ लागली. विद्यार्थी असतानाच नाव झालं.

१९३८ ला मुसोलिनीच्या सरकारनं वंशाचे कायदे आणले. ज्यू माणसाचं नाव छापणं बंद, काम बंद. शिक्षण चालू असलेल्यांना तेवढं पुरं करू दिलं, म्हणून १९४० मध्ये त्याला वास्तुशास्त्राची पदवी मिळाली. त्या पदवीच्या कागदावर त्याच्या नावाला जोडून लिहिलं होतं: ज्यू वंशाचा. मी या ओळीशी बराच वेळ थांबलो होतो. आपण मुलांच्या प्रमाणपत्रावर नाव सुवाच्य अक्षरात घालतो, ते किती जपून घालतो! इथे त्याच कागदावर, त्याच शाईनं, माणसाला बाहेर काढलेलं.

१९४१ मध्ये त्याला धरलं आणि तोर्तोरेतो या समुद्रकाठच्या गावी स्थानबद्ध ठेवलं. तिथून सुटून लिस्बन. मुदत संपलेल्या पासपोर्टावर आपण स्वतः बनवलेला रबरी शिक्का मारला होता, असं तो पुढे सांगत असे. लिस्बनहून बोटीनं न्यूयॉर्क. पण रुमानियाच्या लोकांचा त्या वर्षीचा कोटा भरलेला. बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या, शहरासमोरच्या एलिस बेटावर ठेवून घेतलं आणि तिथून कॅरिबियन समुद्रातल्या दुसऱ्या बेटावर, डोमिनिकन प्रजासत्ताकात पाठवलं. शहर समोर दिसतंय आणि पाय टेकता येत नाही. साधारण वर्षभर तो सांतो दोमिंगोला व्हिसाची वाट बघत बसला, आणि तिथूनच चित्रं पाठवत राहिला. 'न्यूयॉर्कर'मधलं त्याचं पहिलं चित्र २५ ऑक्टोबर १९४१ चं. चित्रकलेच्या वर्गात एका मुलीनं सेंटॉर, म्हणजे ग्रीक कथांतला वर माणूस नि खाली घोडा असलेला प्राणी काढलाय, पण उलटा: डोकं घोड्याचं आणि पाय माणसाचे. आणि अर्धा माणूस, अर्धा घोडा आहेच की, असं ती मास्तरांना पटवतेय. मास्तर म्हणून सांगतो, ती मुलगी बरोबर आहे.

त्याच मासिकानं त्याच्या व्हिसासाठी शब्द टाकला आणि १९४२ च्या जुलैत तो अमेरिकेत शिरला. १९४३ मध्ये नागरिकत्व आणि नौदलातली अधिकारपदाची नेमणूक दोन्ही मिळालं. इंग्रजी अजून धड येत नव्हतं. आपल्या कोलकात्यावरून त्याला चीनमध्ये धाडलं, मग उत्तर आफ्रिका, मग पुन्हा इटली, या वेळी विजेत्यांच्या गणवेशात. चीन, हिंदुस्थान, इटली इथली ती रेखाटनं १९४५ च्या त्याच्या पहिल्या पुस्तकात आहेत.

पुढची सगळी कीर्ती मी भराभर सांगतो, कारण ती कुठेही वाचायला मिळते. १९४६ ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात चौदा अमेरिकन कलावंतांचं प्रदर्शन झालं, त्यात हा एक. १९५८ ला ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनाला भलीमोठी भित्तिचित्रं. १९७८ ला व्हिटनी संग्रहालयात आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन. 'न्यूयॉर्कर'मध्ये जवळजवळ साठ वर्षं, नव्वदच्या घरात मुखपृष्ठं, बाराशेच्या वर रेखाटनं. १२ मे १९९९ ला न्यूयॉर्कमध्येच गेला.

मला बोलायचंय ते त्याच्या शिक्क्यांबद्दल. अमेरिकेत स्थिरावल्यावर या माणसानं खोटे कागद काढायला सुरुवात केली. पदव्या, परवाने, प्रमाणपत्रं, पासपोर्ट. लपेटदार अक्षर, खाली झोकदार सही, कोपऱ्यात गोल शिक्का. वाचायला जावं तर एकही अक्षर लागत नाही, नुसती अक्षराची चाल आहे. मित्रांना असले पासपोर्ट बनवून भेट देई. १९५४ च्या पुस्तकाचं नावच 'द पासपोर्ट'. एका चित्रात पासपोर्टाच्या फोटोत चेहऱ्याच्या जागी अंगठ्याचा ठसा आहे, खाली कोट आणि टाय. पुढे तर खास रबरी शिक्के करून घेतले आणि शिक्क्यांनीच आभाळ, माणसं, घोडेस्वार उठवले.

समीक्षक याला नोकरशाहीची थट्टा म्हणतात. असेलही. पण ज्यानं एका शिक्क्यावर समुद्र ओलांडला आणि एका शिक्क्यासाठी वर्षभर बेटावर बसला, तो माणूस हे हसण्यासाठी काढत होता असं मला वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावर ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी कागद घेऊन बाहेर गेलंय, त्यांना हे दिसेल म्हणून इथे लिहिलं. तुम्ही काय म्हणता?

सुरंगी

गुरुजी, एका बैठकीत वाचून काढलं. अंगठ्याचा ठसा चेहऱ्याच्या जागी, हे वाचलं आणि अंगावर काटा आला.

मी कामाला आहे तिथे दिवसभर लोकांचे अंगठे घेते. मशीनवर ठेवा, दाबा, पुसा, परत ठेवा. आमच्याकडे काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका खूप. बोंडाच्या नव्हे, बियांच्या टरफलाचं ते काळं तेल हाताला लागून लागून त्यांच्या बोटांची सालं निघालेली असतात. राख लावतात, तेल लावतात, तरी हात जळतातच. त्यांचे ठसे उठत नाहीत. मशीन लाल होते.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या होत्या. दहा बोटं झाली, एकही उठलं नाही. त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले आणि म्हणाल्या, "बाय, मीच ती. तू वळखतेस ना मला?" मी ओळखते. त्यांच्या घरचं आमसूल दरवर्षी आमच्याकडे येतं. पण माझ्या ओळखण्याला त्या कामात किंमत नाही. शेवटी डोळ्यांवर काम झालं, दोन फेऱ्या मारल्यावर.

तुमच्या या चित्रकारानं उलटं केलंय ना? तिथे ठसा आहे आणि चेहरा नाही. इथे चेहरा समोर आहे आणि ठसा नाही. मला चित्रातलं फार कळत नाही, पण हे चित्र मी आमच्या टेबलासमोर लावलं असतं.

माडाबुडी

गुरुजीनू, बरा लिवलात. माझो बापूस मुंबैत गिरणीत होतो. म्हयन्याक मनिऑर्डर येय. आवशीक वाचूक येय नाय, पण पोस्टाचो शिक्को बघून ती सांगी, पैशे परळातसून सुटले की लालबागातसून. शिक्को पुसट असलो तर दिसभर तिचा चित्त थाऱ्यार नसा. आज ता आठावला.

खाडीपल्याड

लेख आवडला, मेहनत दिसते. पण मला दोन ठिकाणी पटलं नाही, आणि पटलं नाही तर बोलावं असं मी मानतो.

पहिलं. कोकणी माणूस पोटासाठी जातो आणि शिमग्याला, गणपतीला परत येतो. घर पडकं असलं तरी जागेवर असतं, निदान चौथरा तरी असतो. स्टाइनबर्ग जीव वाचवायला निघाला होता. तो गेला नसता तर काय झालं असतं हे आपल्याला माहीत आहे. मनिऑर्डरचा शिक्का आणि ज्यू वंशाचा हा शेरा एका तराजूत घालू नका. आपलं दुःख खरं आहे, पण ते दुसऱ्या जातीचं आहे.

दुसरं. शिक्क्यांमागे एवढी वेदना शोधली की त्याची रेघ बाजूला राहते, आणि तो रेघेचा राजा आहे. माझा चिपळुणात छोटा छापखाना आहे, रेघ म्हणजे काय ते मला रोज बघावं लागतं. १९५४ मध्ये मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनासाठी त्यानं मुलांच्या भुलभुलैयाच्या भिंतींवर चित्रं केली. त्यातलं एक मूळ चित्र साधारण दहा मीटर लांब आहे, घडीघडीचं, आणि त्यात अथपासून इतिपर्यंत एकच आडवी रेघ. सुरुवातीला ती नुसती कागदावरची रेघ. पुढे पाण्याची कड होते, वर शहर आणि खाली त्याचं प्रतिबिंब. मग कपडे वाळत घालायची दोरी. मग रेल्वेचा पूल. मग टेबलाची कड. मग जमीन. रेघ तसूभरही हललेली नाही, वरखालचं सगळं बदललंय. यात कुठे निर्वासिताचं रडगाणं आहे? हा निखळ बुद्धीचा आनंद आहे. तो स्वतःला चित्र काढणारा लेखक म्हणायचा ते उगाच नाही.

आपल्याकडे हे ज्यांना बरोबर कळलं होतं ते व्यंगचित्रकार वसंत सरवटे. हा वास्तुशास्त्र शिकलेला, ते सिव्हिल इंजिनियर, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी. परदेशातल्या व्यंगचित्रकारांकडे कसं बघायचं हे मराठी वाचकाला त्यांनी लिहून लिहून शिकवलं. आराखडे काढलेल्या हाताची रेघ वेगळी असते. ती अंदाजे जात नाही. शि. द. फडणिसांची मुखपृष्ठं घ्या, एक शब्द नाही आणि सगळं कळतं. मला वाटतं आपण त्या वाटेनं स्टाइनबर्गकडे जावं.

पडवीतला

खाडीपल्याड, पहिला मुद्दा मान्य. मी लिहिताना दोन्ही शेजारी ठेवली, मोजमाप केलं नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटू शकतं हे खरं. चौथरा तरी असतो हे तुमचं वाक्य मला लागलं. त्याला तोही नव्हता. त्यानं आईवडिलांना रुमानियातून बाहेर काढलं, ते फ्रान्समध्ये नीसला राहिले, आणि तो त्यांना न्यूयॉर्कहून पैसे पाठवत राहिला. मनिऑर्डर होती, पण जिथे पोचायची ते गाव त्याचं नव्हतं.

दुसऱ्यावर मात्र थोडा भांडतो. ती दहा मीटरची रेघ मी पण पुस्तकात पाहिलीय. एकच रेघ, आणि तिच्यावर उभं राहिलेलं जग दर हातभर अंतरावर बदलतं. बुखारेस्ट, मिलान, सांतो दोमिंगो, न्यूयॉर्क, चीनमधलं कुनमिंग. मला ती रेघ त्याच्या चालीसारखी दिसते. तुम्हाला आनंद दिसतो, तो आहेच. दोन्ही त्याच कागदावर आहे.

एक वर्गातली गोष्ट सांगतो. साधारण १९९४-९५ साल. आठवीला मी त्या १९७६ च्या मुखपृष्ठाची गोष्ट तोंडी सांगितली, चित्र दाखवायला नव्हतं, पेटी काकांबरोबर पुन्हा बोटीवर गेलेली. मुलांना म्हटलं, आपल्या पायरीवर उभे राहा आणि तिथून जग काढा.

बहुतेकांनी खळं, तुळस, माड, एसटीचा थांबा काढला आणि थांब्याला लागून मुंबई. मध्ये गुहागर नाही, चिपळूण नाही, घाट नाही. एकाचा नालासोपारा मुंबईहून मोठा, कारण भाऊ तिथे. एका मुलीनं रस्ता काढलाच नाही. तिनं तोंड समुद्राकडे केलं. पायरी, वाळू, पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे दुबई. दुबईत एकच इमारत, तिला एकच खिडकी, आणि खिडकीत 'बाबांची खोली': सहा खाटा, दोरीवर कपडे. पायरी आणि दुबईच्या मधलं पाणी मी पट्टीनं मोजलं. चार सेंटिमीटर.

मी तिला विचारलं, एवढंच पाणी? ती म्हणाली, "फोन येतो ना बाबांचा." वाडीत तेव्हा एकाच दुकानात फोन होता, शुक्रवारी संध्याकाळी ती तिथे जाऊन बसायची.

रेवदंड्याची

मी गेली दोन वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहिते.

ज्यू कुटुंब म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाला परकं वाटत नाही. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग आहे, आमच्या रेवदंड्यातही आहे. यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांच्यात परंपरेनं चालत आलेली गोष्ट, आणि नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आहे. ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: किहीमकर, नवगावकर, पेणकर. बोलणं आमच्यासारखंच, मराठी.

खाडीपल्याड यांनी तराजूचा मुद्दा काढला म्हणून सांगते. इथे त्यांना कुणी पळवलं नाही, कुणाच्या कागदावर शेरा मारला नाही. तरी इस्रायल झाल्यावर, म्हणजे १९४८ नंतर, एकेक घर निघालं. माझ्या आजीच्या शेजारचं घर असंच गेलं. आजी सांगायची, निघायच्या दिवशी शेजारणीनं पुरणाचं यंत्र, पाटा-वरवंटा आणि एक वासरू आमच्याकडे आणून सोडलं. मग परत घरात गेली आणि दाराच्या चौकटीवरची धातूची डबी काढायला लागली. त्यांच्या दाराला उजव्या अंगाला ती असते, आत प्रार्थनेचा कागद गुंडाळलेला. आत जाताना बोट लावून बोटाचं चुंबन घ्यायचं. खिळे गंजलेले, निघेनात. आजोबांनी पक्कड नेऊन दिली.

चौकटीला त्या खिळ्यांची भोकं अजून आहेत. घर आता दुसऱ्यांचं आहे, रंग बरेचदा लागला, तरी भोकं दिसतात. मी लहानपणी त्यांत काडी घालायचे.

गुरुजींच्या लेखातल्या माणसानं आपलं गाव कधी काढलं का? म्हणजे रुमानियातलं?

पडवीतला

ताई, लिहीत राहा.

हो, काढलं, पण आडून. म्हातारपणी काढलेल्या चित्रांत बुखारेस्टची गल्ली, घरची माणसं, शाळेच्या गणवेशातला मुलगा येतात. आधीची चाळीसेक वर्षं मात्र तो अमेरिकाच काढत होता: रस्त्यावरची हॉटेलं, मिरवणुका, काउबॉय, मोटेल, बँकेच्या भारदस्त इमारती. जन्मानं तिथला असणारा या गोष्टी बघायचा थांबलेला असतो. यानं त्या दारातून आत आलेल्या पाहुण्यासारख्या बघितल्या आणि अमेरिकेला तिचाच चेहरा दाखवला.

घरातही दुसरी चित्रकारच होती. १९४४ मध्ये त्यानं हेडा स्टर्नशी लग्न केलं, तीही रुमानियातून आलेली. पुढे दोघं वेगळे राहिले, पण घटस्फोट घेतला नाही.

बंदरवाट

सलाम मास्तर. मी दाभोळकडचा. अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढली, आता घरी आहे. मुलगी हे सगळं वाचून दाखवते आणि मी सांगतो ते ती लिहिते.

आमच्यात खलाशाच्या बुकाला नळी म्हणत. आजोबांचे कागद पत्र्याच्या नळीतच असायचे, त्या नळीला झाकण आणि गळ्यात अडकवायला दोरी. माझ्या वेळी बुक आलं, तरी आजी विचारायची, नळी घेतलीस ना? भाकरी घेतलीस का, हे तिनं त्याच्यानंतर विचारलं.

तुम्ही एलिस बेटाचं लिहिलंत, शहर समोर आणि पाय टेकता येत नाही. ते मला माहीत आहे. बंदराला बोट लागली की आम्हाला उतरायचा पास लागतो. एका बंदरात आमच्यापैकी सात जणांना पास दिला नाही. कारण सांगितलं नाही, पण सातांची नावं बघितली तर कळत होतं. नऊ दिवस बोट धक्क्याला होती. बाकीचे जाऊन यायचे, आमच्यासाठी फोन कार्ड, साबण आणायचे. आम्ही कठड्याला उभं राहून बघायचो. समोर एक शाळा होती. अकरा वाजता सुट्टी व्हायची, पोरं पिवळ्या गाडीत बसायची. मला त्या शाळेच्या फाटकाचे गज आजही मोजून सांगता येतील. चोवीस.

तुमच्या त्या माणसाला एवढं बारीक कसं दिसायचं, हा प्रश्न कुणाला पडला असेल तर मी सांगतो, मला नाही पडला.

खाडीपल्याड

चाचा, हे वाचून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. रेघेबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण ती बघायची नजर कुठून येते याचा मी विचार केला नव्हता.

कणकवलीचा पेन्सिलवाला

मोठ्यांच्या गप्पांत एक कामाचं विचारतो. मी जाहिरातीची, पुस्तकांची चित्रं काढतो. दोन वर्षांपूर्वी मी एका मित्रासाठी आमच्या गावाचं असंच चित्र काढलं होतं: पुढे आमची बाजारपेठ, मागे फोंडा घाट एवढुसा, त्याच्यामागे कोल्हापूर. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं आणि एक दिवस महामार्गावर वीस फुटी फ्लेक्सवर दिसलं, माझी सही कापून. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, नेटवर होतं ते सगळ्यांचं. फार मनाला लागलं. स्टाइनबर्गच्या या चित्राच्या तर जगभर नकला झाल्यात. त्यानं काही केलं का? आणि मी काढलं तीही नक्कलच झाली का?

खाडीपल्याड

याचं उत्तर मी देतो, छापखान्यामुळे यात लक्ष घालावं लागतं.

त्यानं केलं. त्या मुखपृष्ठाच्या धर्तीवर गावोगावची पोस्टरं निघाली, त्यानं तो वैतागून जायचा. १९८४ मध्ये कोलंबिया पिक्चर्सनं 'मॉस्को ऑन द हडसन' हा चित्रपट काढला, रशियातून येऊन न्यूयॉर्कला राहणाऱ्या एका वादकाचा. त्याच्या पोस्टरवर तसाच वरून दिसणारा न्यूयॉर्कचा रस्ता, तशाच इमारती, मग समुद्र आणि पलीकडे मॉस्को. स्टाइनबर्ग कोर्टात गेला आणि १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टानं स्पष्ट केलं की कल्पना कुणाच्या मालकीची नसते. आपल्या दारातून जग बघणं ही कल्पना कुणीही वापरावी. पण त्यानं ती ज्या तऱ्हेनं मांडली, इमारतींची बारीक कलाकुसर, अक्षरांची धाटणी, रचना, ती उचलायची नाही.

आता तुझं. तू कणकवलीची पेठ स्वतः बघून, स्वतःच्या रेघेनं काढलीस, तर ती तुझी. फोंडा घाट त्यानं काढला नव्हता. सही कापलेला फ्लेक्स मात्र सरळ चोरी आहे. मूळ कागद आणि काढल्याची तारीख जपून ठेव, आणि पुढच्या वेळी सही कोपऱ्यात टाकू नकोस, इमारतीच्या पाटीत घाल. फडणिसांच्या, सरवट्यांच्या सह्या बघ, चित्राला चिकटून असतात.

सुरंगी

गुरुजी, त्या मुलीचं चित्र अजून आहे का तुमच्याकडे? दुबईवालं.

पडवीतला

नाही हो. वर्षाच्या शेवटी चित्रं मुलांना परत द्यायची माझी पद्धत होती. तिनं ते घरी नेलं, आणि त्या मे महिन्यात बाबा आले तेव्हा त्यांनी ते दुबईला नेलं, एवढं कळलं. त्या सहा खाटांपैकी एकीच्या वर लावलं असणार.

रेवदंड्याची

मग ते बरोबर ठिकाणी आहे.

पडवीतला

एक विचारायचं राहिलं. आमच्या शाळेच्या नव्या बाईंनी बोलावलंय, दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी मुलांबरोबर काहीतरी करा म्हणून. खाडीपल्याड, तुमची ती रेघ डोक्यात बसलीय. व्हरांडा जवळजवळ तीस मीटर आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद लावायचा, मी मधोमध एकच आडवी रेघ मारून देणार, आणि प्रत्येक मुलानं आपल्यासमोरच्या हातभर तुकड्यात ठरवायचं, ही रेघ काय आहे. खाडीचं पाणी, कपड्यांची दोरी, कोकण रेल्वे, काय वाटेल ते. शेजारच्याच्या रेघेला आपली जुळली पाहिजे, एवढी एकच अट.

अडचण कागदाची. गुहागरात एवढा लांब रोल मिळत नाही, आणि जोडलेल्या कागदावर रेघ सांध्याला अडखळते.

खाडीपल्याड

माझ्याकडे रोलचा उरलेला भाग पडलेला असतो, पस्तीस मीटर सहज निघेल. रुंदी तीन फूट चालेल का? सकाळच्या चिपळूण-गुहागर एसटीत ड्रायव्हरकडे देतो, तुम्ही स्टँडवर उतरवून घ्या. पावसाची भुरभुर असेल तर दोन प्लास्टिक गुंडाळीन.

बंदरवाट

शनिवार कुठला ते कळवा. दाभोळहून तरीनं पलीकडे आलो की तुमची शाळा लांब नाही. मुलीला घेऊन येतो. मला चित्र येत नाही, पण रेघेची बोट करायची असेल तर दोऱ्या कुठे बांधतात ते पोरांना सांगेन.